नव्वद अंशांची वेस

छायाचित्रणाचा इतिहास आपल्याकडे जो काही लिहिला गेला आहे, तो बहुतांशी छायाचित्रकारांचा. कोण कोणाच्या पदरी होता, कोणी कोणता दरबार टिपला, कोणते देऊळ पहिल्यांदा कोणाच्या कॅमेऱ्यात आले, याच्या नोंदी सापडतात. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेल्या काचेची हकीगत मात्र फारशी कोणी सांगत नाही. मीही एरवी त्या वाटेला गेलो नसतो. निमित्त झाले ते अगदी व्यवहारी. मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यासाठी एक वाइड अँगल लेन्स घ्यायची होती. आमच्या भागातल्या कदंब आणि रट्ट काळातल्या देवळांचे अंतर्भाग नीट टिपून ठेवावेत, ही इच्छा जुनी. कॅमेरा जमला होता आणि लेन्स एकच घेता येईल एवढेच बळ उरले होते. यादी पाहावी तर २० मिलिमीटरपासून ४५ मिलिमीटरपर्यंत नाना प्रकार. ज्याला विचारावे तो म्हणे, "घ्यायचीच तर जास्तीत जास्त रुंद घ्या." हा सल्ला मला पटेना. का पटत नाही हे स्वतःलाच सांगता येईना, म्हणून मागे मागे वाचत गेलो, तो थेट १८५९ सालापर्यंत जाऊन पोचलो.

पुढे जाण्याआधी एक हिशेब समजून घेऊ, कारण दुकानात सगळा घोळ इथेच होतो. लेन्सवर मिलिमीटरमध्ये आकडा लिहिलेला असतो, ते तिचे नाभीय अंतर. पण दृश्य किती रुंद दिसणार हे त्या आकड्यावर एकट्याने ठरत नाही. त्यामागची चौकट केवढी आहे यावरही ते ठरते. आपल्या नेहमीच्या रोल फिल्मच्या कॅमेऱ्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. जुन्या चौकोनी मीडियम फॉरमॅट फिल्मची ५६ बाय ५६. आजच्या मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यांत दोन मापे मुख्य आहेत: साधारण ४४ बाय ३३, आणि त्याहून मोठे ५४ बाय ४०. आता ३८ मिलिमीटरची एकच लेन्स घ्या. चौकोनी फिल्मवर ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ९० अंश पाहते, ४४ बाय ३३ च्या सेन्सरवर सुमारे ७२ अंश, आणि ३६ बाय २४ वर जेमतेम ५९. काच तीच, आकडा तोच, आणि एका ठिकाणी ती रुंद तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ साधी. म्हणून या लेखात मी मिलिमीटरपेक्षा अंशांची भाषा जास्त वापरणार आहे. दोन्ही हात काटकोनात पसरून उभे राहिलात, की त्या दोन हातांमध्ये मावते ते ९० अंशांचे जग.

आरंभीच्या छायाचित्रकारांना एवढे जग मिळत नव्हते. व्यक्तिचित्रांसाठी १८४० साली योसेफ पेट्झवालने केलेली लेन्स वेगवान होती, पण तिचा कोन फार अरुंद. निसर्गदृश्यांची साधी लेन्स थोडी अधिक पाही, तरी देवळाच्या मंडपात उभे राहून मंडप टिपणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. आपल्या भागाशी याचा थेट संबंध आहे. १८५५ साली मुंबई सरकारने तोफखान्यातल्या टॉमस बिग्ज या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे, धारवाड या बाजूच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम दिले. त्याच्यानंतर ते काम डॉ. पिगू या वैद्यकीय खात्यातल्या गृहस्थांकडे आले. या दोघांची आणि नील यांची छायाचित्रे एकत्र करून १८६६ साली धारवाड व म्हैसूर प्रांतांतल्या वास्तुकलेवर एक ग्रंथ निघाला. मजकूर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा. या छायाचित्रांत देवळे मुख्यत्वे बाहेरून दिसतात. एक कारण उजेडाचे, हे कोणीही सांगेल. दुसरे कारण काचेचे होते, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले तरी समोरचे दोनच खांब चौकटीत येणार असतील, तर आत जाऊन करायचे काय?

या अडचणीवर पहिला धाडसी उपाय टॉमस सटन या इंग्रजाने काढला. १८५९ साली त्याने पेटंट घेतलेली लेन्स म्हणजे काचेचा पोकळ गोल होता आणि त्यात चक्क पाणी भरलेले असे. कोन सुमारे १२० अंश. पण चित्र सपाट काचेवर स्पष्ट उमटत नसे, म्हणून मागे वक्राकार काचपट्ट्या लावाव्या लागत. वाकवलेल्या काचेवर ओला कलोडियन सारखा पसरवायचा, तो वाळण्याच्या आत तंबूत जाऊन धुवायचा, आणि एवढे करून छापायलाही वक्र चौकट लागायची. ही लेन्स फार कोणी वापरली नाही याचे नवल वाटायला नको. पण रुंद पाहायचे तर काहीतरी मोजावे लागते, हा धडा तिथून सुरू होतो.

सपाट काचेवर चालणारे उत्तर न्यूयॉर्कहून आले. चार्ल्स हॅरिसन आणि जोसेफ श्निट्झर या दोघांनी १८६२ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या 'ग्लोब' लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या बाहेरच्या पृष्ठभागांना मिळून एक पूर्ण गोल कल्पिता येई, म्हणून ते नाव. दोन सारखे भाग समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये प्रकाशाचे छिद्र: ही सममित रचना. तिचा मोठा गुण असा, की पुढच्या अर्ध्या भागाने केलेला बाक मागचा अर्धा भाग उलटा करून फेडतो, आणि सरळ रेषा सरळ राहतात. इमारतीच्या छायाचित्राला दुसरे काय हवे? ग्लोबचा कोन ८० अंशांच्या आसपास होता. चित्राच्या मधोमध उजेडाचा एक फिकट डाग पडण्याची खोड तिला होती. ती खोड घालवून, थोडा कोन सोडून देऊन, १८६६ साली लंडनला डॅलमेयरने आणि म्युनिकला श्टाइनहाइलने जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांची नक्कल न करता, सारख्याच धर्तीच्या सममित लेन्स बाजारात आणल्या. पुढची काही दशके जगभरच्या इमारती आणि निसर्गदृश्ये टिपण्यात या घराण्याच्या लेन्सचा मोठा वाटा होता.

योगायोग म्हणा, त्याच १८६६ साली रुरकीहून अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नक्शेनवीस म्हणून रुजू झाले. पुढच्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय त्यांना मिळाला. १८८२ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य हिंदुस्थानात हिंडले आणि १८८६ च्या ग्रंथात ग्वाल्हेरपासून खजुराहोपर्यंतच्या त्यांच्या छायाचित्रांनी जागा घेतली. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या मराठी घरांतून दीनदयाळांचे नाव अजून आदराने निघते. त्यांच्या वास्तुचित्रांत मला सर्वांत भावते ते त्यांचे उभे राहणे. नक्शेनवीसाची नजर होती ती. कॅमेरा कुठे ठेवला म्हणजे भिंत भिंतीसारखी आणि कळस कळसासारखा दिसेल, हे त्यांना आधी कळे. रुंदपणाचा हव्यास त्यात कुठे दिसत नाही. आणि आपल्या बेळगावचे म्हणाल, तर जेम्स बर्जेस यांच्या पश्चिम भारत पुरातत्त्व पाहणीचा पहिल्याच मोसमाचा १८७४ सालचा अहवाल बेळगाव आणि कलादगी या दोन जिल्ह्यांचा आहे. म्हणजे आमच्या दारात कॅमेरा येऊन आता दीडशे वर्षे उलटली.

आता १९०० साल. बर्लिनच्या गोएर्झ कारखान्यात एमिल फॉन ह्योएग याने 'हायपरगॉन' नावाची लेन्स केली. तिची गोष्ट मला इतकी आवडते, की थोडे रेंगाळतो. काचा फक्त दोन, दोन्ही अतिशय पातळ, अर्ध्या फुटलेल्या बुडबुड्याच्या कवचासारख्या. कोन मात्र १३५ अंशांच्या घरात! पण चित्राचा मध्य पांढराफटक आणि कडा काळ्याकुट्ट पडत. म्हणून लेन्सच्या पुढे चांदणीच्या आकाराचा एक इवलासा पंखा बसवला. छायाचित्रकाराने रबरी फुगा दाबून हवा सोडली, की पंखा गरगर फिरे आणि मधला उजेड अडवून धरी. कडांना पुरेसा उजेड मिळेपर्यंत हा वारा घालत राहायचे. मग पंखा बाजूला करून, क्षणभर मध्यालाही उजेड द्यायचा आणि झाकण लावायचे. पाहणाऱ्याला वाटत असेल, हा मनुष्य कॅमेऱ्याला वारा का घालतो आहे!

तो वारा घालावा लागे यामागे एक गणित आहे आणि माझ्या खरेदीचा निकाल शेवटी त्याच गणिताने लावला. देवघरातल्या समईसमोर पोथी धरा. पोथी दूर नेली की अक्षरे अंधूक होतात. पोथी तिरपी धरली की आणखी अंधूक. लेन्समधून कोपऱ्याकडे जाणाऱ्या किरणाचे हेच होते. त्याला जास्त अंतर जावे लागते, तो फिल्मवर तिरपा पडतो, आणि कोपऱ्यातून पाहिले तर लेन्सचे गोल छिद्रही चपटे, डोळ्याच्या आकाराचे दिसते. हे सगळे मिळून उजेड कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो. मध्यापासून ४५ अंशांवर, म्हणजे एकूण ९० अंशांच्या लेन्सच्या कोपऱ्यात, मध्याच्या एक चतुर्थांश उजेड उरतो. एकूण १२० अंश घ्या, कोपऱ्यात एक सोळांश. आणि हायपरगॉनच्या टोकाला पन्नासावा भागसुद्धा जेमतेम. नव्वद अंशांपर्यंत उतार सौम्य आहे. त्यापुढे कडा तुटलेला आहे.

या गणितात थोडी सवलत मिळवली ती मिखाइल रुसिनोव्ह या रशियन संशोधकाने. सममित रचनेच्या दोन्ही बाहेरच्या टोकांना त्याने मोठ्या, खोलगट, पसरट काचा बसवल्या. त्यामुळे बाजूने पाहिले तरी आतले छिद्र चपटे न दिसता भरलेले दिसते. चार घातांपैकी एकाचा दंड माफ झाला, म्हणजे ४५ अंशांवर चतुर्थांशाऐवजी तृतीयांशाहून थोडा अधिक उजेड. त्याच्या 'रुसार' लेन्स विमानातून नकाशे करण्याच्या कामी आल्या. त्याच वाटेने लुडविग बेर्टेले चालला. स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीसाठी त्याने हवाई पाहणीची लेन्स केली आणि झाइससाठी 'बायोगॉन'. आठ काचांची ३८ मिलिमीटरची बायोगॉन घेऊन स्वीडनच्या हॅसलब्लाडने १९५४ साली जो कॅमेरा काढला, तो खास त्या लेन्ससाठीच होता. त्यात आरसा नव्हता, त्यामुळे लेन्सचा मागचा भाग थेट फिल्मजवळ जाऊन बसे. वर एक साधा दृश्यदर्शक आणि कॅमेरा सपाट धरायला बुडबुड्याची लेव्हल. कोन? तोच, नव्वदच्या आसपास. सरळ रेषेच्या बाबतीत या लेन्सशी बरोबरी करणाऱ्या फार थोड्या झाल्या. पुढची पन्नास वर्षे वास्तुचित्रकार तिच्यावर जीव टाकत राहिले ते उगाच नाही.

मग सगळ्यांनी तीच का वापरली नाही? कारण आरसा. हॅसलब्लाडचे नेहमीचे कॅमेरे पहिल्यापासून आरशाचेच होते. जे चित्र येणार तेच काचेत पाहता येते, ही सोय कोण सोडील? पण आरसा वर-खाली हलायला जागा लागते. लेन्सची बैठक आणि फिल्म यांत सुमारे ७५ मिलिमीटर अंतर पडले. ३८ किंवा ४० मिलिमीटरची सममित लेन्स फिल्मपासून तेवढ्या लांब ठेवली तर चित्र स्पष्ट पडणारच नाही. उपाय म्हणजे उलटी दुर्बीण. लहानपणी दुर्बीण उलटी धरून घर दूर गेलेले पाहिले असेल. तसेच पुढे पसरवणारा काचांचा गट आणि मागे गोळा करणारा. टेक्निकलर चित्रपटांच्या कॅमेऱ्यात लेन्समागे लोलक बसवावे लागत, म्हणून १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ही युक्ती आली होती. १९५० साली फ्रान्सच्या पिएर आंजेन्यूने ती साध्या कॅमेऱ्यांसाठी आणली आणि तिला 'रेट्रोफोकस' हे नाव दिले. पुढे या सगळ्या जातीलाच ते चिकटले. झाइसने आपल्या अशा लेन्सना 'डिस्टॅगॉन' म्हटले. या लेन्स जड आणि पुढून थोराड असत. पुढचा भाग आणि मागचा भाग सारखा नसल्यामुळे बाक फिटत नसे. भिंतीचे पोट सुटल्यासारखे दिसे. त्या काळात जाणत्यांचा कौल स्पष्ट होता. सोय हवी तर डिस्टॅगॉन, सत्य हवे तर बायोगॉन.

डिजिटलने हा कौल फिरवला, आणि तोही असा की सत्यवादीच आरोपी ठरला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या पाठीला जोडायचे पहिले डिजिटल बॅक आले. लीफ कंपनीचा बॅक तांबडा, हिरवा, निळा अशा तीन वेगळ्या उघडझापी घेई. म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचेच काम. सेन्सर फिल्मपेक्षा पुष्कळ लहान, त्यामुळे होती ती रुंद लेन्सही अरुंद झाली. २००० च्या सुमारास कोडॅकचा ३७ मिलिमीटरचा चौकोनी सेन्सर आला, तेव्हाही बायोगॉनच्या नव्वद अंशांतले सत्तरच्या आतबाहेर उरत होते. हा झाला कोनाचा तोटा. खरा घात पुढे होता.

फिल्म कागदासारखी सपाट असते. तिरपा किरण आला तरी ती स्वीकारते. सेन्सर मात्र लाखो इवल्या आडांचा बनलेला असतो. प्रत्येक आडाच्या तळाशी उजेड मोजणारा भाग आणि तोंडावर तांबडी, हिरवी किंवा निळी काच. भर दुपारी ऊन आडाच्या तळापर्यंत जाते. सकाळी-संध्याकाळी ते कठड्यावरच अडते, हे खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. फिल्मला चिकटून बसणाऱ्या सममित लेन्सचे किरण कोपऱ्यात असेच संध्याकाळच्या उन्हासारखे येतात. काही कठड्यावर अडतात, काही शेजारच्या आडात सांडतात. शेजाऱ्याची काच वेगळ्या रंगाची! मग चित्राच्या एका बाजूला जांभळी झाक आणि दुसऱ्या बाजूला हिरवी. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर ती लपत नाही. प्रत्येक चित्रामागे दुधी काचेचे एक चित्र घेऊन ती झाक संगणकावर वजा करायची रीत पडली. पण ज्या कोपऱ्यात उजेडच पोचला नाही तिथे वजाबाकीनंतर दाणेदार धुरळा उरतो. २०११ मध्ये ८ कोटी बिंदूंचे बॅक आले, आड आणखी अरुंद झाले. २०१४ मध्ये सीमॉस जातीचे सेन्सर आले तेव्हा ही खोड आणखी बळावली. रोडेनश्टॉकच्या रेट्रोफोकस धर्तीच्या जाडजूड लेन्स पुढे सरकल्या, कारण त्यांतले किरण सेन्सरवर बरेच सरळ उतरतात. ज्या लांबीबद्दल उलट्या दुर्बिणीला नावे ठेवली, तीच तिचा गुण ठरली. २०१८ च्या १५ कोटी बिंदूंच्या सेन्सरमध्ये तारांचे जाळे आडाच्या तळाखाली गेले, आड उथळ झाला आणि हा त्रास पुष्कळ निवळला. पण तोवर लेन्स करणाऱ्यांनी आपली वाट ठरवून टाकली होती.

२०१६ हे वर्ष खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी हॅसलब्लाड आणि फुजीफिल्म या दोघांनीही बिनआरशाचे मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरे जाहीर केले, दोन्हींचे सेन्सर ४४ बाय ३३ चे. आरसा गेला, फुजीच्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक सेन्सरपासून २६.७ मिलिमीटरवर आली. वाटेल, की आता बायोगॉनसारखी सुटसुटीत लेन्स परत येणार. तशी ती आली नाही. फुजीच्या २३ मिलिमीटर लेन्समध्ये १५ काचा आहेत आणि वजन ८४५ ग्रॅम. हायपरगॉनच्या दोन, बायोगॉनच्या आठ आणि ही पंधरा. आरशासाठी नव्हे, त्या आडांसाठी. किरण सरळ खाली उतरवायचे म्हणून एवढा खटाटोप. शिवाय आजच्या पुष्कळ लेन्समध्ये भिंतीचे सुटलेले पोट आत घेण्याचे काम काही अंशी कॅमेऱ्यातल्या गणितावर सोपवलेले असते. मला त्यात गैर वाटत नाही. पूर्वी पंख्याने वारा घालत, आता आकडे घालतात.

आता माझा प्रश्न. फुजीच्या घरात माझ्यापुढे मुख्यत्वे २३ आणि ३० मिलिमीटर अशा दोन लेन्स होत्या. ३० ची लेन्स २०२० साली आली, वजन ५१० ग्रॅम. २३ चा कोन सुमारे १०० अंश, ३० चा सुमारे ८५. तीन मीटरवरची भिंत घेतली तर २३ मध्ये पावणेसहा मीटर रुंदी मावते, ३० मध्ये साधारण ४.४ मीटर, आणि ४५ मध्ये तीन मीटरही नाही. हा हिशेब कोणालाही घरी करता येतो: भिंतीपर्यंतचे अंतर गुणिले ४४, भागिले लेन्सचा आकडा. आपल्याकडच्या मंडपांत उभे राहून टेपने मोजावे आणि मग दुकानात जावे. ४५ मिलिमीटर अशा जागी अपुरी पडते, ती बाद झाली. २३ ने सगळेच मावते. मग ३० का?

कारण रुंद सरळरेषी लेन्स मावते ते सगळे जसेच्या तसे ठेवत नाही. सेन्सरला समांतर असलेली सपाट भिंत, तिच्यावरचा शिलालेख, हे अगदी कोपऱ्यातही प्रमाणात राहतात. पण ज्याला जाडी आहे ते, खांब, मूर्ती, लोंबते कमळ, कडेला गेले की बाहेरच्या बाजूला ताणले जाते. १०० अंशांच्या लेन्सच्या अगदी कोपऱ्यात गोल चेंडू दीडपटीहून लांबट, अंड्यासारखा दिसतो. ८५ अंशांच्या लेन्समध्ये तो ताण सुमारे १.३५ पट. यात लेन्सचा दोष काहीच नाही. गोल वस्तू सपाट कागदावर उतरवण्याची ती किंमत आहे. लग्नातल्या समूहचित्रात टोकाला उभ्या असलेल्या मावशी अल्बम पाहून नाराज का होतात, याचे उत्तर हेच. जागा कमी म्हणून छायाचित्रकाराने रुंद लेन्स लावलेली असते आणि मावशींना उगाच वजनाची काळजी! घर विकायच्या जाहिरातींत दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते, तीही याच काचेची किमया.

समारंभाच्या चित्रात हसून सोडून देता येते. देवळाच्या नोंदीत येत नाही. आमच्याकडच्या कित्येक जुन्या देवळांत गेल्या काही वर्षांत फरशी बसली, खांबांना तैलरंग लागला, गाभाऱ्याला चकचकीत टाइल्स आल्या. भक्तीने केलेले काम असते, त्यावर भांडण मांडण्याची ही जागा नव्हे. पण त्याआधीचे देऊळ कसे होते, हे उद्या कोणाला पाहायचे असेल तर त्याच्या हाती चित्रच असणार. त्या चित्रात बाजूचा खांब मधल्या खांबाच्या दीडपट जाड असेल, आणि चार पावलांचा मंडप राजवाड्यासारखा पसरलेला असेल, तर पाहणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? लहान देऊळ लहान दिसले पाहिजे. त्या काळच्या स्थपतीने ते तेवढेच बांधले होते.

मग लक्षात आले, की ग्लोबच्या १८६२ पासून बायोगॉनच्या १९५४ पर्यंत इमारतीचे काम गंभीरपणे करणारी माणसे पुनःपुन्हा ८० ते ९० अंशांच्या आतच येऊन थांबली आहेत. पुढे जाता येत नव्हते असे नाही. १९०० सालीच १३५ अंश हाती होते. त्या वेशीबाहेर उजेडही हातचा जातो आणि आकारही, म्हणून ती थांबली. मी ३० मिलिमीटरची लेन्स घेतली.

ज्यांचे काम वेगळे त्यांनी वेगळी घ्यावी. २३ च्या बाजूने एक मुद्दा खराच भक्कम आहे. कॅमेरा वर उचलून शिखर घेतले तर उभ्या भिंती एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा सपाट ठेवून जास्त रुंद लेन्सने टिपायचे आणि खालची जमीन कापून टाकायची, तर त्या सरळ राहतात, आणि बिंदू इतके असतात की काप परवडतो. वाड्यांचे दर्शनी भाग किंवा गोव्यातली चर्चे ज्यांना अरुंद गल्लीतून घ्यायची आहेत, त्यांना २३ उपयोगाची. याच कामासाठी सरकवता येणारी ३० मिलिमीटरची खास लेन्स फुजीने २०२३ साली काढली आहे. वजन १,३४० ग्रॅम, किंमतही त्याच तोलाची. २०२२ ची २० ते ३५ ची झूम हिंडण्या-फिरण्याला उत्तम. पण माझा अनुभव असा, की कडे फिरवता येत असले की हात आपोआप टोकाला जातो. कोणाकडे जुना बिनआरशाचा हॅसलब्लाड माळ्यावर असेल तर त्याच्या पाठीला ५ कोटी बिंदूंचा बॅक बसतो हे सांगून ठेवतो. मात्र कोन ७२ अंशच मिळेल.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली. तिच्या मुखमंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली लोंबते, त्याच्यावरूनच नाव पडले. इथे मी कॅमेरा तिपाईवर लावत नाही. जमिनीवर घडी केलेली सतरंजी, तिच्यावर कॅमेरा आकाशाकडे तोंड करून उताणा, आणि लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत खाली कागदाच्या घड्या. कमळ चौकटीच्या बरोबर मध्यावर येते, जिथे ताण शून्य असतो आणि उजेड पुरा. भोवतालचे खांब कडेला जातात आणि बाहेर फाकतात, ते फाकू द्यावेत. त्यांचे चित्र वेगळे, उभ्याने घ्यायचे. छिद्र एफ ११ वर, वायर लावून उघडझाप, आणि तोवर आपण खांबाआड सरकून उभे राहायचे, कारण वर पाहणाऱ्या लेन्समध्ये वाकून पाहणाऱ्याचे डोके हमखास येते.